खालचा ठिपका फिक्का

भाऊ,

तुमची तेरावी होऊन चार दिवस झाले. दुकानाची चावी वहिनींनी माझ्याकडेच ठेवली आहे. रोजच्यासारखं दहाला शटर वर करते, स्टूल पुसते, फोटोच्या छत्रीचे दोन्ही लाईट एकदा लावून विझवते आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसते. कुणी फोटोला आलं तर सांगते, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात फोटो कोण काढणार, हे मलाही ठाऊक नाही. सतरा वर्षं तुम्ही चेहरे टिपलेत आणि मी ते धुऊन-पुसून दिले. कॅमेऱ्याला मी हात लावला तो फक्त धूळ झटकायला.

खामगावच्या एका पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. त्यात तुमचं वय चुकलंय आणि तुम्हाला पिंपळगाव राजाचे ‘ज्येष्ठ छायाचित्रकार’ म्हटलंय. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असता, “हे कोन मेलं बे?” गावात तुम्हाला छायाचित्रकार कुणीच म्हटलं नाही. सगळे फोटोवाले भाऊ म्हणायचे. गेली अकरा वर्षं काही जण तुमच्या माघारी आणखी एक नाव घ्यायचे. त्या नावाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. ते माझ्या वाट्याचं होतं, तुम्ही स्वतःला लावून घेतलंत.

पण आधी तुमच्या फोटोचं सांगते.

तुम्ही गेलात त्याच दिवशी तुमचा पुतण्या दुकानात आला. “काकू, काकाचा फोटो द्या मोठा करून.” मी सगळा कॉम्प्युटर पालथा घातला, जुन्या सीड्या काढल्या, अल्बम काढले. अर्धा तालुका सापडला. मेलेली माणसं सापडली, मोडलेली लग्नं सापडली, तुम्ही मात्र कुठेच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेवटी पुतण्याच्याच मोबाईलमध्ये एक निघाला, त्यानं तुमच्या गळ्यात हात टाकून घेतलेला सेल्फी. चेहरा बरा आला होता. मी तुम्हाला त्यातून कापून काढलं, मागचं निंबाचं झाड पुसलं. पुतण्या म्हणाला, “कोट घाला, चांगला दिसते.” कोट म्हणजे आपल्या खिळ्यावरचा तोच एक, लुकडा असो की ढोला, मागून चिमटे लावून सगळ्यांना बसवायचा. तो तुम्ही जन्मात अंगात घातला नाही. तरी मी नुसतं बघू म्हणून दोन्ही प्रकारचे फोटो तयार केले आणि घरी वहिनींना दाखवायला नेले.

कोटाकडे तर त्यांनी पाहिलंही नाही. साध्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “शोभा, हे ते नोहेत.”

“वहिनी, भाऊच आहेत. पुतण्याच्या मोबाईलमधला आहे.”

“असन. पन हे ते नोहेत. कायतरी उलटं दिसून राह्यलं.”

खरं सांगते, मला थोडा रागच आला. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं मनात म्हटलं. मग तुमच्या भुवईवरच्या डागाकडे लक्ष गेलं. जुन्या फ्लॅशचा बल्ब फुटून भाजलं होतं तो डाग. फोटोत तो डाव्या भुवईवर होता. आणि खरा कुठे होता? भाऊ, मला आठवेना. सतरा वर्षं एका खोलीत बसून, रोज दोनदा चहा एकत्र पिऊन मला सांगता येईना. डोळे मिटले की कधी डावीकडे वाटे, कधी उजवीकडे. वहिनींना विचारलं, तर त्यांनी फोटोकडे न बघता आपल्या उजव्या भुवईला बोट लावलं.

मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं तुम्हाला आरशातल्यासारखं उलटं करून ठेवलं होतं. सेल्फीत असं होतं हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं असेल. तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो फिरवला आणि पुन्हा दाखवला. वहिनींनी पाहिलं आणि तेव्हा कुठे त्या मोठ्यानं रडल्या. “हाव,” म्हणाल्या, “हे हायेत.”

डाग ठेवला. कोट घातला नाही.

मी खामगावच्या कारकुनाची मुलगी. लग्न होऊन या गावी आले, कॉम्प्युटरचा कोर्स झालेला होता, तुम्हाला फोटो मिक्सिंगला माणूस पाहिजे होतं. पहिल्या दिवसापासून तुम्ही मला ‘खामगावची म्याडम’ म्हणून चिडवलंत, माझ्या पुस्तकी बोलण्याची नक्कल केलीत. मीही काही कमी नव्हते. तुम्ही एकेका माणसाला स्टूलवर बसवून दहा-दहा मिनिटं गप्पा मारायचात, बाहेर लोक ताटकळायचे, आणि मी तोंड वाकडं करून घड्याळाकडे बघायचे. एका पासपोर्ट फोटोला एवढं काय लागतं? बसवा, हसा म्हणा, बटण दाबा.

‘हसा’ हा शब्द तुम्ही कधी वापरला नाहीत. “हासा म्हनलं की मानूस दात दाखवते, तोंड नाही दाखवत,” असं तुमचं म्हणणं. तुमचा शब्द वेगळाच होता. माणूस ताठ बसायचा, श्वास रोखायचा, तुम्ही एक फ्लॅश मारायचात आणि म्हणायचात, “झालं.” झालं म्हटलं की माणसाचे खांदे पडायचे, श्वास सुटायचा, तोंड आपल्या जागेवर यायचं. तेवढ्यात तुम्ही दुसरा फ्लॅश मारायचात. माणूस दचकून विचारायचा, “झालं म्हनले ना?” तुम्ही सांगायचात, “पहिला सरकारसाठी होता. हा घरासाठी.”

हा तुमचा सगळा धंदा. बाकी लाईट, पडदा, कॅमेरा, हे कोणाकडेही असतं. एक खोटं ‘झालं’ आणि त्याच्या मागचं अर्धं सेकंद, एवढ्यावर तुम्ही माणसं पकडलीत. चिडकी मास्तरीण, उधारीचा किराणावाला, नवी सून, सगळे त्या अर्ध्या सेकंदात जसे होते तसे सापडले. हे मला कळायला फार वर्षं लागली आणि कळलं ते गिरजाबाईंमुळे.

गिरजाबाई आल्या त्या निराधार योजनेच्या फॉर्मला फोटो पाहिजे म्हणून. आधारवाले तेव्हा गावात पोचले नव्हते. त्यांचा मुलगा नामदेव मोटारसायकलवर घेऊन आला, माईला दारात सोडून बियाण्याच्या दुकानात गेला. माई स्टूलवर अशी बसली, की आता कुणी सुई टोचणार. तुम्ही तिच्याशी बोलत बसलात, औंदा काय पेरलं, सून कशी हाय, हे गोंदन कवाचं. मी अर्ध्या कानानं ऐकत होते, आपल्या कामात होते. एकदा माई खुदकन हसल्याचं ऐकू आलं. मग फ्लॅश, मग तुमचं “झालं”, मग दुसरा फ्लॅश.

तो दुसरा फोटो मी स्क्रीनवर उघडला तेव्हा मलाही वाटलं, हा चांगला आहे. हसू नव्हतं त्यात, पण हसून झाल्यावर तोंडावर जे उरतं ते होतं. पहिल्यात डोळे मिटले होते म्हणून तो मी उडवून टाकला. आणि दुसऱ्याला नीट करायला घेतलं.

हनुवटीवरचं गोंदण मला दिसलं नाही असं नाही, भाऊ. मला ते चांगलं दिसलं होतं. आठवडाभरापूर्वीच एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या आईनं स्वतः सांगितलं होतं, माझं गोंदण काढा, खेड्यातलं वाटतं. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. मी ठिपके पुसले, हनुवटी गुळगुळीत केली, रंग थोडा उजळला. स्वच्छ, सोज्वळ म्हातारी तयार झाली. मायलेक खूश होतील असंच मला वाटलं. त्यातूनच पासपोर्ट कापले, आहे त्याच फाईलवर सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून तुमच्या हातात दिलं. पासपोर्ट एवढासा, त्यात कुणाला काही कळलं नाही.

दीड महिन्यानं गिरजाबाई गेल्या. नामदेव आणि त्याची बहीण सुभद्रा तोच फोटो मोठा करायला सांगून गेले, दोघांना एकेक. खामगावच्या लॅबमधून मी दोन्ही छापून आणले. सुभद्रानं काउंटरवर फोटो हातात घेतला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. “मायचं गोंदन कुठी गेलं?”

तुम्ही पडद्यामागून आलात. फोटो पाहिलात, मग माझ्याकडे पाहिलंत, एकदाच. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. तुम्ही मागे हात करून मला बस अशी खूण केलीत आणि त्यांना म्हणालात, “माह्या हातून गेलं, बाई. कॉम्पुटरवर पुसल्या गेलं. चूक माही हाय.”

आणि मी बसले. अकरा वर्षं मला जे खातंय ते गोंदण पुसल्याचं नाही, या बसण्याचं आहे.

दुसरा फोटो कुठेच नव्हता. मतदार कार्ड काढून पाहिलं तर त्यावर माईचं सगळं तोंडच एक काळा ठिपका. मग तुम्ही टचिंगचा बारीक ब्रश काढलात, शाईची बाटली काढलीत आणि म्हणालात, हातानं लावून देतो. इथपर्यंत सगळं निभलं असतं. पण तुम्ही विचारलंत, “किती ठिपके होते?” नामदेव म्हणाला तीन. सुभद्रा म्हणाली पाच. तो म्हणाला, तुले काय माहीत, तू सासरी. ती म्हणाली, तू तरी कवा मायच्या तोंडाकडे पाह्यलं? दोघं आपल्यासमोर भांडायला लागले.

तुम्ही डोळे मिटून शांतपणे सांगितलंत, “चार होते. तीन वर, एका वळीत. एक खाली. खालचा फिक्का. गोंदनारीनं सुई लावली तवा माय रडली, मान हालवली, सुई सरकली. मलेच सांगत होती इथं बसून.”

सुभद्रानं तोंडाला पदर लावला. ती म्हणाली, “हाव. खालचा फिक्काच होता.” पण नामदेवचं तोंड लालबुंद झालं. “माह्या मायच्या तोंडावर काय होतं ते आता तुमी सांगसान मले? एक तर पुसून टाकलं, अन् वरून मलेच शिकवून राह्यले!” आपल्या वाटचा, बिनागोंदणाचा फोटो त्यानं तसाच उचलला आणि गेला. सुभद्राच्या फोटोवर तुम्ही चार ठिपके लावलेत. ती तो घेऊन संग्रामपूरकडे आपल्या सासरी गेली. एकाच माईचे दोन घरांत दोन चेहरे लागले.

आठ दिवसांत गावात नाव पडलं, गोंदनखाऊ. “त्या गोंदनखाऊकडे जाऊ नको, नाक खाऊन घेईन.” तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्ही हसलात, “घरकुलाच्या यादीत नाव लागे ना, इथं फुकटात लागलं.” पण नामदेवच्या दोन्ही पोरींच्या लग्नाला फोटोवाला खामगावहून आला. रस्त्यात दिसला की तुम्ही “रामराम नामदेवा” म्हणायचात आणि तो मोटारसायकलच्या चाकात हवा आहे का बघायचा. त्याचा बाप तुमचा जोडीदार होता, दोघं एका बाकावर शिकलेले, हे मला वहिनींकडून नंतर कळलं. तुम्ही बोलला नाहीत.

मी दोनदा म्हटलं, मी जाऊन सांगते त्याला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, “काउंटरवरून जे गेलं ते मालकाचं. चांगलं गेलं तवा तुहं नाव सांगतलं होतं काय म्या? मंग?” दुसऱ्यांदा नुसतं “चहा ठेव” म्हणालात. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. मला सोयीचंच होतं ते. तुम्ही नको म्हणताय या आडोशाला मी मूग गिळून बसले. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी मी तुमच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली, आभार काय ते तेवढेच मानले.

रागावला मात्र नाहीत. फक्त नियम घालून दिलात: “आठ दिवसांत जाते ते काढ. जलमभर राहते ते राहू दे.” पुटकुळी काढायची, तीळ ठेवायचा. झोप न झालेले डोळे थोडे उजळायचे, देवीचे व्रण ठेवायचे. सुरकुती ठेवायची. या नियमानं माझं काम अर्ध्यावर आलं आणि कटकट दुप्पट झाली, कारण गिऱ्हाईक तर म्हणतं, गोरं करा, बारीक करा, दहा वर्षं कमी करा.

यावर आपण किती भांडलो! त्या मुलीचा फोटो आठवतो? गालावर भाजल्याचा डाग होता, बायोडाटाला फोटो पाहिजे होता आणि बाप हात जोडून सांगत होता, डाग काढा. तुम्ही नाही म्हणालात. “पाव्हने पाहाले येतीन तवा तू घरी जाऊन पुसशीन काय?” मी म्हटलं, भाऊ, पाहुणे घरी आले तर पाहतील ना! फोटोवरूनच नाही म्हणाले तर तिचं बोलणं, तिचा स्वभाव कोण पाहणार? तुम्ही म्हणालात, “जो डाग पाहून पळते त्याले घरी कायले बोलावता?” मी तुमच्या चोरून डाग हलका केला. पुसला नाही, हलका केला. तुम्हाला ते कळलं होतं हे मला माहीत आहे, कारण दोन दिवस तुम्ही मला ‘म्याडम’ म्हणाला नाहीत. त्या मुलीचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. पण या मुद्द्यावर मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही पुरुष, तुमच्या भुवईवर डाग असला तर लोक कसा लागला विचारतात. बाईला कुणी विचारत नाही, नुसतं बघतात. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय, आणि तुम्ही उत्तर द्यायला नाहीत याचा मला मनापासून राग येतो.

आता तेरावीचं ऐका.

तुमचा फोटो पाटावर ठेवला होता, हार घातला होता. हार मी थोडा खाली ओढला, भुवई झाकली जात होती. गाव जेवायला होतं. पंगत बसायच्या आधी नामदेव आला. मला वाटलं नव्हतं तो येईल. केस पांढरे झालेत त्याचे. त्यानं फूल वाहिलं आणि मग उभाच राहिला, तुमच्या तोंडाकडे बघत. मी बाजूला तेल घेऊन बसले होते, समईत घालायला. वळून मला म्हणाला, “भाऊचा डाग बरा ठेवला, बाई. आमच्या मायचा नाही ठेवला.”

त्याच्या बोलण्यात फारसा विखार नव्हता. सहज बोलला. पण मी तेलाचं भांडं खाली ठेवलं. मी म्हटलं, “नामदेवभाऊ, तो भाऊंनी पुसला नव्हता. मी पुसला होता.”

“काय?”

“गोंदण मी पुसलं होतं. मुद्दाम. चांगलं दिसेल म्हणून. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या तयारीत होते, त्यांना माहीतही नव्हतं. माझ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं.”

आजूबाजूला बायका होत्या, वहिनी होत्या. नामदेव एकदा माझ्याकडे आणि एकदा तुमच्याकडे बघायला लागला.

“अकरा वर्सं,” तो म्हणाला. “अकरा वर्सं मी या मानसाचा रामराम नाही घेतला, बाई. माह्या बापाचा जोडीदार. काऊन नाही सांगतलं तुमी?”

भाऊ नको म्हणाले होते, हे तोंडावर आलं होतं, पण तेवढी तरी लाज मी राखली. म्हटलं, “भीती वाटली.”

तो जेवला नाही. तेरावीच्या पंगतीवरून माणूस न जेवता उठून जातो म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. वहिनींनी नंतर मला आत बोलावलं. मला वाटलं, आता चावी मागतील. त्या एवढंच म्हणाल्या, “मले माहीत होतं. घरी त्यायनं सांगतलं होतं. बस, जेवून घे.” मी जेवले.

आज सकाळी शटर वर करून स्टूल पुसत होते तर दारात नामदेव उभा. बगलेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. आत येताना त्यानं चपला बाहेर काढल्या, फोटोच्या दुकानात कुणी काढत नाही. काउंटरवर टॉवेल सोडला. गिरजाबाई. माझी स्वच्छ, सोज्वळ, गुळगुळीत गिरजाबाई.

“सुभद्राकडचा फोटू घर गळून खराब झाला,” तो म्हणाला. “काचेले चिकटला. आता हाच हाय. चार ठिपके लावून देता काय?”

मी म्हटलं, कॉम्प्युटर जुना गेला, फाईल नाही. पण हा स्कॅन करून, ठिपके लावून नवा छापून आणते, परवा देते. तो नाही म्हणाला. “याच्यावरच लावा. भाऊ लावून राह्यले होते तसे. तवा म्या लावू देले नाही.”

मग तुमचं कपाट उघडलं. ब्रश पेनांच्या डब्यात होता, शाईची बाटली तळाशी सुकत आली होती, दोन थेंब पाणी घालून हलवली. फ्रेमचे खिळे नामदेवनंच काढले. फोटो टेबलावर आडवा ठेवला. भाऊ, माझा हात कॉम्प्युटरच्या माऊसचा, ब्रशचा नाही. चुकलं तर ‘अनडू’ नाही. आधी कागदावर दहा-बारा ठिपके मारून पाहिले. मग तीन लावले, एका ओळीत, ओठाच्या खाली. बरे आले. नामदेव वाकून बघत होता, त्याचा श्वास माझ्या हातावर येत होता.

चौथा अडला. खाली म्हणजे किती खाली? मधोमध की बाजूला? सुई सरकली म्हणजे कुठे सरकली? फोटोतून काही कळेना, कारण हनुवटी मी अशी घासून काढलेली की अंड्यासारखी. चढ नाही, उतार नाही. तुमच्यासारखे डोळे मिटून पाहिले. मला काहीच दिसलं नाही. मी त्या बाईकडे कधी पाहिलंच नव्हतं, स्क्रीनकडे पाहिलं होतं.

तेव्हा नामदेवकडे लक्ष गेलं. लोक म्हणायचे, तोंडवळा माईचा उचललाय. मी म्हटलं, “नामदेवभाऊ, जरा स्टूलवर बसा.”

“माहा कायले फोटू?”

“फोटो नाही. बसा.”

तो बसला. बसला तोच ताठ, श्वास रोखून, हनुवटी वर, अगदी सरकारसाठी. माई बसली होती तसाच असेल. मी छत्रीचा लाईट लावला. तुमच्या जागी उभी राहिले. हनुवटी दगडासारखी ताणलेली, काही दिसेना. थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हटलं, “झालं.”

त्याचे खांदे पडले, श्वास सुटला, तोंड सैल झालं. आणि हनुवटीच्या बरोबर मधे, किंचित डावीकडे, खळी पडली. भाऊ, ती मला दिसली. मी पाहिली. सतरा वर्षांत तुम्ही त्या जागी उभे राहून काय करत होतात ते मला आज सकाळी साडेदहाला कळलं.

टेबलाशी गेले, ब्रश पाण्यात बुडवला, शाईला नुसता लावला आणि सरकलेली सुई जिथे उतरली असेल त्या खळीच्या जागी चौथा ठिपका टेकवला. फिक्का. नामदेव उठून आला. मग त्यानं फोटोला स्पर्श न करता, वरूनच, त्या ठिपक्यावर बोट धरलं.

“इथं सुई सरकली तवा रडली होती माय?”

“हो. भाऊंना सांगितलं होतं तिनं.”

“तवा केवढी होती माय?”

मी तुमच्या स्टूलकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग त्याला म्हटलं, “ते भाऊंना माहीत होतं.”